आईच्या ताटात काय, आईच्या वाट्याला काय

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत आयांच्या बैठकीला जा, दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. एक म्हणते, ‘रक्त कमी हाय म्हणतात. गोळ्या दिल्यात, पण गोळी खाल्ली की मळमळतंय.’ तिच्या शेजारची म्हणते, ‘दुसऱ्या खेपेपासनं पोट सुटलंय, ते काय आत जाईना.’ एकीला खाणं पुरत नाही, दुसरीला खाल्लेलं नडतं. तरी दोघी मान खाली घालून स्वतःलाच बोल लावतात. पहिलीला वाटतं, आपणच जिवाची हेळसांड केली. दुसरीला वाटतं, आपला जिभेवर ताबा नाही. आईच्या आहाराबद्दल आणि व्यायामाबद्दल आजवर जे सांगितलं गेलं त्याचा आढावा घ्यायचा, तर या खाली गेलेल्या मानेपासूनच सुरुवात करायला हवी. चांगला सल्लासुद्धा दोष देत दिला, तर बाई तो घरी नेत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. याच सर्वेक्षणात साधारण २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कृश निघाल्या आणि २३ टक्के जास्त वजनाच्या. हे दोन गट दोन वेगळ्या जगांत राहत नाहीत. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात जावा-जावा म्हणून ते नांदतात. कधी तर दोन्ही दुखणी एकाच बाईच्या अंगात असतात, कारण वजन वाढलं म्हणजे रक्त भरलं असं होत नाही. साखर, तेल आणि मैद्याने अंग वाढतं, पण लोह, प्रथिनं आणि ब-१२ यांची उणीव तशीच राहते. धाराशिव हा केंद्राने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीबरोबर त्याची निवड झाली, आणि ती करताना आरोग्य आणि पोषण हे निकष होते.

उणीव आहे हे सगळे जाणतात. ती आईच्याच वाट्याला का येते, हे पाहायला रात्रीच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. पाटीत भाकरी चळतीने रचलेल्या असतात. आधी पोरं जेवतात, मग घरातले पुरुष, मग सासू-सासरे. आमटीत दोनदा पाणी वाढतं, तळाची डाळ मात्र वाढत नाही. भाजी कढईच्या कडेला लागलेली. आई शेवटी बसते, पुष्कळदा ताट न घेताच, भाकरीवर चटणी आणि कांदा घेऊन. कुणी ‘तू जेवलीस का’ विचारलं, तर ‘माझं काय, होईल’ हे उत्तर तयार असतं. ज्या दिवशी भूक मारवत नाही आणि ती आधी दोन घास खाते, त्या दिवशी तिचं तिलाच कसंनुसं होतं. अंडं एकच असेल तर ते पोराचं, असा घरोघरचा न बोललेला नियम आहे. हा नियम प्रेमापोटीच आला हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागते, आणि ती मोजलेलीही आहे.

ती मोजली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. ‘पुणे मातृ पोषण अभ्यास’ म्हणून हे काम जगभर ओळखलं जातं. जन्मलेली बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर होती. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी मांडलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पण पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात वरचेवर होतं, त्यांची बाळं अंगाने चांगली भरली. आणि ज्या आया गरोदरपणात जास्त कष्टाची कामं करत होत्या, त्यांची बाळं तुलनेने लहान निघाली. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून भाताचा ढीग वाढणाऱ्यांना आणि ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होऊन अडेल’ म्हणून ताट आखडणाऱ्यांना, दोघांनाही यात उत्तर आहे. मेथीची जुडी, पेलाभर दूध आणि दुपारची तासभर पाठ टेकणं, बाळाला लागतं ते असं साधं असतं.

याज्ञिकांच्या कामातून दुसरी गोष्ट पुढे आली ती अशी: आपली बाळं जन्मतः हडकुळी असली, तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. मोठेपणीही तीच गत. काट्यावर बरा दिसणारा माणूस आतून मधुमेहाकडे झुकलेला असतो. म्हणून आईच्या तब्येतीचा निवाडा निव्वळ वजनावर करू नये. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलाय का, जिना चढताना दम लागतो का, हिमोग्लोबिन किती, गरोदरपणात साखर वाढली होती का, हे प्रश्न जास्त कामाचे. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तिची साखर पुन्हा तपासायला हवी. पण बाळ सुखरूप झालं की सगळे सुटलो म्हणतात, आणि ही तपासणी राहून जाते.

आता बाळंतपण. आपल्या परंपरेने आईकडे मनापासून लक्ष दिलं असेल तर या सव्वा महिन्यात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी आणि वर तूप, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा. यातलं बहुतेक आजच्या विज्ञानालाही पटणारं आहे. अळिवात लोह भरपूर असतं, बाजरीत ज्वारीपेक्षा जास्त. खाटेखाली शेगडी आणि दाराला पडदा, यामागे तिला कुणी कामाला लावू नये हीसुद्धा सोय होती. खटकतं ते पथ्य. पाणी बेताचं द्यायचं, फळं थंड म्हणून वर्ज्य, डाळ वातूळ म्हणून नको, हिरव्या भाजीने बाळाचं पोट बिघडेल. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप सांगतं. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि थोडे शेंगदाणे. नेमक्या याच काळात दूध आटलं की दोष आईच्या खाण्याला, बाळ रडलं तरी आईच्या खाण्याला. तिने काल काय खाल्लं याची झडती घेतली जाते. पहिलटकरीण मग घाबरून भाकरी आणि तूप यांवरच राहते. इथे आजीचा लाडू ठेवावा आणि झडती थांबवावी. पोरीच्या ताटात डाळ, पालेभाजी, पेरू, लिंबू घालावं. लिंबाने लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते वाया जातं. मराठवाड्यात चहाचं प्रमाण पाहता हे शेवटचं वाक्य अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

सव्वा महिना संपला की माहेरची खाट सुटते, आणि पुष्कळ जणींच्या हातात लगेच घागर, विळा किंवा कोयता येतो. बाळंतपणात ताणलेले ओटीपोटाचे स्नायू पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. त्याआधी ओझी उचलली तर अंग बाहेर येतं, खोकताना-शिंकताना लघवी सुटते. बायका हे एकमेकींनाही सांगत नाहीत. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातून आणि शेजारच्या बीडमधून जोडपी ऊसतोडीला जातात. एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, उचल दोघांवर असते, त्यामुळे बाईचा खाडा म्हणजे दोघांचा खाडा. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या, पांढऱ्या पाण्याच्या, ओटीपोटाच्या दुखण्यावर विश्रांती आणि औषध मिळायला हवं होतं, तिथे शस्त्रक्रिया झाली. त्यांच्यापुढे वजन घटवण्याच्या व्यायामाची गोष्ट काढणं म्हणजे त्यांची क्रूर थट्टा करणं आहे. त्यांना पहिल्यांदा हवी ती पगारी रजा.

तरीही ‘दिवसभर कामच तर करते, वेगळा व्यायाम कशाला’ हे वाक्य मला तपासून घ्यावंसं वाटतं, कारण ते शेतातल्या बाईइतकंच धाराशिव शहरातल्या शिक्षिकेच्या, कारकुनाच्या, गृहिणीच्या तोंडी असतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ८८. आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजाप्रमाणे देशातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल आरोग्याला पुरेशी नाही; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. ओट्यापाशी उभं राहून चार तास राबण्याने कंबर, टाचा आणि खांदे दुखतात, पण हृदयाची धडधड काही वाढत नाही. वाकून धुणं आणि झाडलोट यांनी पाठ झिजते, बळकट होत नाही. कामाचा वेग आणि वेळ दुसऱ्याच्या हातात असतात. व्यायामात ते आपल्या हातात असतात, आणि थांबायची मुभा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदर आणि बाळंत स्त्रियांनाही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, डॉक्टरांची हरकत नसेल तर. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. सोबत ओटीपोटाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, जो बाळाला पाजतानाही करता येतो. सिझेरियन झालं असेल तर टाके आणि डॉक्टर यांना विचारून.

वेळ मात्र घरकामाच्या त्या २८९ मिनिटांतूनच काढावा लागणार, आणि ती ८८ वाल्याकडे सरकल्याशिवाय निघणार नाही. आईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ सांगणारे लेख ढिगाने निघतात. वेळ कुणाकडून काढायचा, हे त्यांत नसतं.

गेल्या दहा वर्षांत मराठी घरांत आहारावर जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याआधी कधी झाली नसेल. तिचं श्रेय दोन नावांना जातं. शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला: दिवसातून दोनदाच, भूक लागेल तेव्हा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळी काही नको, रोज ४५ मिनिटं चाला. दुसरीकडे मुंबईच्या ऋजुता दिवेकर सांगत आल्या की थोडं थोडं, वेळेवर, आजीच्या स्वयंपाकातलं खा. तूप आणि भात यांना घाबरू नका. दोघांनीही लोकांना ताटाकडे डोळसपणे पाहायला लावलं. दीक्षितांच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि तो खेड्यातल्या माणसालाही पाळता येतो, हे त्याचं मोठेपण. पण आईच्या बाबतीत मला दोन्हीकडे काही राहून गेल्यासारखं वाटतं. गरोदर आणि पाजत्या बाईला दोन जेवणांत भागवायला सांगणं योग्य नाही, आणि जी बाई आधीच कामाच्या धबडग्यात दोनदाच खाते, तिच्या उपासमारीला ‘डाएट’ असं गोंडस नाव मिळू नये. दर दोन तासांनी खाणंही जिच्या घरी दुपारनंतर डब्यात काही नसतं, तिला झेपणारं नाही. मुख्य म्हणजे कुठलीही पद्धत घरात शिरली की ती मोडल्याचा दोष शिरतो. बारशाला गुलाबजाम खाल्ला, आता उद्या दुप्पट चालते, असं म्हणणारी आई व्यायामाला दंड समजायला लागते. दंड फार दिवस कुणी भरत नाही. महिन्याभरात चालणं सुटतं आणि मन खात राहतं ते वेगळंच. धाराशिवचा गुलाबजाम प्रसिद्ध आहे. तो खाल्ला तर चवीने खावा, आणि चालायचं ते चालल्यावर बरं वाटतं म्हणून चालावं. या दोन गोष्टींचा हिशेब एका वहीत मांडू नये.

उपवासाचा विषय तुळजापूरच्या जिल्ह्यात टाळून चालणार नाही. नवरात्राचे नऊ दिवस बायका धरतात, कुणी उठता-बसता करतात. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटा. निरोगी बाईला याने काही होत नाही. पण रक्त कमी असलेली, गरोदर किंवा पाजती आई नऊ दिवस साबुदाण्यावर काढते, कारण सोडला तर कोप होईल अशी धास्ती असते. तिला डॉक्टरने रागावून उपयोग नसतो. घरातल्या थोरलीने ‘यंदा तुझा मी धरते’ म्हणणं जास्त उपयोगी पडतं, आणि तशी सोय आपल्या रीतीत पूर्वापार आहे. आणखी एक गोष्ट. तुळजाभवानी वर्षातून तीनदा निद्रेला जाते, आणि महिषासुराशी झालेल्या युद्धानंतर, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतची जी निद्रा, तिला श्रमनिद्रा म्हणतात. देवीचा पलंग अहिल्यानगरहून वाजतगाजत येतो. ज्या देवीला श्रमानंतर पाच दिवस झोपू दिलं जातं, तिच्याच गावाकडच्या बाईला दुपारी पडलेलं कुणी पाहिलं तर लाज वाटते, याचा आपण सगळ्यांनी विचार करायला हवा. कोजागरीला सोलापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर चालत तुळजापूरला येणाऱ्यांत हजारो बायका असतात. त्यांना कुणी ‘कुठं निघालीस’ विचारत नाही. त्याच बाईला रोज पहाटे धाराशिवजवळच्या हातलादेवीच्या डोंगराकडे फिरायला जायचं तर कारण सांगावं लागतं, सोबत शोधावी लागते, ‘हिला काय काम नाही’ ऐकावं लागतं. पाय तेच आहेत, कमी पडते ती घरच्यांची आणि गल्लीची संमती.

आणि हे पाय पळणारे आहेत. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. इथल्या सारिका काळे हिने भारतीय संघाचं नेतृत्व केलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या हलाखीमुळे जवळपास दहा वर्षं दिवसाला एकच जेवण मिळायचं, हे तिने जाहीरपणे सांगितलं आहे. मैदानावर खुंटापासून खुंटापर्यंत झेपावणाऱ्या अशा कित्येक पोरी जिल्ह्यातल्या शाळांत दरवर्षी तयार होतात. दहावी-बारावीनंतर लग्न होतं, बूट माहेरी राहतात. पाच वर्षांनी तीच पोर काखेत लेकरू घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेरून सामना पाहते. तिला व्यायाम कसा करायचा हे शिकवायची गरज नाही. तिला खेळायला परत बोलवायची गरज आहे. जगभरात बाळंतपणानंतर मैदानात परतलेल्या खेळाडूंची उदाहरणं सांगतात. मेरी कोम जुळ्यांच्या जन्मानंतर जगज्जेती झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण साध्या आईला पदक नको आहे. संध्याकाळचा अर्धा तास, चार मैत्रिणी आणि लेकराला धरायला कुणीतरी हवं आहे. अशा खेळात वजन मोजलं जात नाही, आणि खेळून आलेल्या बाईला भूक लागल्याची लाज वाटत नाही.

जिल्ह्यात या दिशेने काम झालेलं नाही असं नाही, उलट खूप झालं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर आणि आसपासची गावं उभी करताना बायका प्रथमच गावाच्या कामात मोठ्या संख्येने पुढे आल्या. त्यातून प्रेमा गोपालन यांचं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ वाढलं. पुढे दुष्काळांत याच बायकांनी घरच्यांकडे मागणी केली: बाकी शिवार सोयाबीनला घाला, आम्हाला एक एकर द्या. त्या एकरात ज्वारी, तूर, मूग, भाज्या, आधी घराला आणि उरेल ते बाजाराला. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की ताटातली मेथी तिने स्वतः पेरलेली असते. पेरणारीला ती खाताना कुणाला विचारावं लागत नाही. सोयाबीन आल्यावर हातात पैसा आला, पण कारळं, जवस, हुलगे, अंबाडी बांधावरून गेली आणि त्यांच्याबरोबर चटण्यांतून मिळणारं लोह आणि चुनाही गेला. वेळ अमावस्येच्या भज्जीत अजून शिवारातल्या सगळ्या शेंगा आणि भाज्या एकत्र शिजतात, सोबत आंबील आणि उंडे असतात. वर्षातून एकदा तरी तिथे बायका-पुरुष-पोरं शेतात एकाच पंगतीला बसतात.

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभारलं. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. शेजारचीच बाई ‘तुझं रक्त कमी आहे, बस, आधी जेव’ म्हणते तेव्हा ते ऐकलं जातं, कारण तिचंही बाळंतपण त्याच गल्लीत झालेलं असतं. आशाताईंची योजना देशभर गेली तिच्यामागे अशा कामांचा अनुभव होता.

आज सरकारी व्यवस्थेत बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येते, आई आणि बाळ दोघांना पाहते. पुढे बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की पुन्हा पाच भेटी ठरलेल्या आहेत, पण त्या मुख्यतः बाळाच्या वाढीसाठी. बाळाचं वजन, लस, वरचं खाणं यांची नोंद होते. आई समोर बसलेली असते. त्याच भेटींत तिला चार प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही: आज कधी आणि कुणाबरोबर जेवलात, रात्री सलग किती झोप मिळाली, खोकताना त्रास होतो का, मन लागतं का. शेवटच्या प्रश्नाला रडू आलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि हे प्रश्न सासू आणि नवरा घरात असताना, त्यांच्यासमोर विचारावेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकंच त्यांनाही द्यायचं आहे.